कानाडोळा

डॉर्कस पेनीच्या औषधाच्या दुकानात, काउंटरच्या मागे,
एक कागद चिकटवलेला आहे, चहाचे डाग पडलेला.
ओडी उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही.
एडी उजवा कान, एएस डावा, एयू दोन्ही.
न्यूफाउंडलंडजवळच्या या बेटावर लॅटिन कुणी बोलत नाही.
कॉड मासा गेला, माशांचा कारखाना गेला,
शाळेत अकरा मुलं उरली,
पण डोळे अजून लॅटिनमधून दुखतात.

ओ आणि ए, फरक तो केवढा.
गोल अक्षराला उजवीकडे एक शेपटी.
क्लिनिकचा तरुण डॉक्टर फेरीबोट गाठायच्या घाईत होता,
शेपटी त्याच्या पेनातच राहिली.

आणि लिअँडर बजल, वय एकोणऐंशी,
डाव्या कानात मळाचं बूच बसलेला,
चार दिवस, सकाळ-संध्याकाळ,
आरशासमोर उभं राहून
डाव्या डोळ्यात तेल घालत राहिला.

डोळ्यांत तेल घालून, असं आपण म्हणतो
राखण करणाऱ्याबद्दल.
तोही जागाच होता की. झोप कुठून येणार?
"झोंबत नव्हतं?" डॉर्कसनं ओरडून विचारलं.
"औषध आहे, झोंबणारच," तो म्हणाला.
"मला वाटलं, डॉक्टरनं विचार केला असेल,
म्हाताऱ्याला ऐकू तर येत नाही,
निदान लोकांचे ओठ तरी नीट दिसू देत."

कान आणि डोळा. मध्ये चार बोटं.
मराठीनं या दोघांना एकत्र बांधलं
आणि अर्थ काय ठेवला, तर
कळलं तरी सोडून देणं.
डॉर्कसला ही भाषा येत नाही.
पण त्या रात्री दुकान बंद करून
ती चिठ्ठी दिव्याखाली धरून बसली, तेव्हा
शब्द नव्हता तिच्याकडे, ती गोष्टच होती:
तेल, आणि डोळ्यात?
हे तिला खटकलं होतं. क्षणभर.
मग फोन वाजला.

ओडीचा दुसरा अर्थ, दिवसातून एकदा.
म्हणजे उजव्या डोळ्यात रोज एकदा घालायचं असेल
तर ओडी ओडी,
कड्यावरच्या एखाद्या पक्ष्यानं हाक मारावी तसं.
तिसराही अर्थ आहे.
सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या पोराच्या, एल्डनच्या, कागदावर
सेंट जॉन्सच्या हॉस्पिटलात कुणीतरी तो लिहिला.
तीच दोन अक्षरं.
सुवाच्य होती. वाचायला काहीच अडचण आली नाही.

लॅटिनमध्ये डाव्याला सिनिस्टर म्हणतात,
इंग्रजीत येईपर्यंत त्याचं अशुभ झालं.
आपण तरी काय, डाव्यापासूनच डावलतो.
डॉर्कसनं हे लॅटिनचं लिअँडरला सांगितलं
त्याला हसवायला, डोळ्यावर पट्टी होती त्याच्या.
तो हसला नाही.
"थर्झा डावीकडे बसायची," म्हणाला,
"चर्चमध्ये, होडीत. झोपायचीही डावीकडेच.
एक्कावन्न वर्षं.
जे काय बोलली, रागावली, ते सगळं त्या बाजूनं.
आता तिकडून कोण बोलणार आहे, मला ठाऊक आहे.
पण ते दार बंद राहिलेलं
बरं नाही वाटत."

नवी बाटली.
लेबलवर मोठ्या अक्षरांत, एकही अक्षर न वाचवता:
डाव्या कानात. तीन थेंब. सकाळी आणि रात्री.
मग डॉर्कस काउंटरवरून वाकली
आणि वाचून दाखवलं,
हळू, जवळून,
नेमकं त्याच्या डाव्या बाजूनं.

लिअँडरनं मान हलवली.
होय, म्हणाला, ऐकलं.
टोपी घातली, आणि वारा होता म्हणून
ती फक्त एका कानावरून खाली ओढली.